फुली आणि क्रूस

धोंडवाडी, राजूरजवळ
३ ऑगस्ट २०२४

आकांक्षे,

पत्र लिहिण्याला कारण तूच. पोस्टमननं दारात गाडी लावून "नंदाबाई कोण?" म्हणून विचारलं, तं तुझी मामी राजनंदिनी म्हणली, "आमच्यात नंदाबाई कोणी न्हाई." मी आतून वरडले, "अगं मीच हाय की!" तेवीस वर्षं झाली सून होऊन, सासूचं नाव म्हाईत न्हाई. पाकीट फोडायच्या आधी चार घरी दाखवून आले. या वयात मला पत्र आलं! तुझ्या आजोबांनी जन्मात चिठ्ठी लिहिली न्हाई. लिहिली असती तं "बैलाला पाणी पाज" एवढीच.

फोन मला आता ऐकू येत न्हाई. राजनंदिनी स्पीकर लावती, मंग मला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू येतं. तू पत्र लिहिलंस हे बेस केलं.

तं तू पुण्याला सिनेमा शिकती, अन् तुला जुन्या भुताच्या पिक्चरवर लिहायचंय. त्यातला पाद्री, क्रूस, मंतरलेलं पाणी हे ख्रिस्ती धर्मातून कसं आलं, अन् खेड्यातल्या माणसाला ते बघून काय कळलं, हे तुझ्या मास्तरनं विचारून आणायला सांगितलंय. सिनेमा शिकायला फीस भरतेत हे मी तुझ्या पुष्पाआज्जीला, म्हंजी माझ्या जावंला, सांगितलं. ती म्हणली, "आपण तं फुकटच शिकलो."

मी एकच तसला पिक्चर बघितला. एकोणऐंशी साल. राजूरच्या गणपतीला अंगारकीची जत्रा, अन् जत्रंत तंबूचा सिनेमा. दिवस मावळला की पहिला खेळ. पिक्चर गोऱ्या लोकांचा, भाषा त्यांची, म्हणून तंबूवाल्यानं पडद्याजवळ सर्जेराव म्हणून एकाला उभा केल्ता, भोंगा देऊन, समजावून सांगायला. सर्जेरावला इंग्रजी येत व्हतं का? बिलकुल न्हाई! पण तोंड व्हतं.

पडद्यावर एक उंच गोरा, काळं पांघरलेला, पेटीतून उठला. सर्जेराव म्हणला, "हा तिकडचा पाटील. मेला, पण पाटीलकी सुटंना." मंग त्या पाटलानं एका पोरीच्या मानंला तोंड लावलं. पोरीच्या मानंवर दोन टोचे. सर्जेराव म्हणला, "एवढं रगत पिलं, तरी पोरगी चालतीच हाय. तिकडचं तूप बघा!" लांब झग्याचा पाद्री आला तं "हा त्यांचा गुरव." त्यानं पाणी शिंपडलं तं "ही तिकडची गंगा." मंग पाद्रीनं छातीपुढं क्रूस धरला, अन् पाटलाच्या कपाळातून धूर निघाला. सर्जेरावला क्रूस शब्द येत नव्हता. त्यो म्हणला, "ही फुली. मास्तर वहीवर मारतो ना, तशी. फुली दिसली की भूत नापास!"

हसून हसून तंबू हलला गं. पण परत येताना बैलगाडीत सगळ्या एकमेकींना चिकटून बसल्या. माझी सासू झुंबरबाई मला म्हणली, "नंदे, पदर घट घे. मान झाक."

मला मातर म्हाईत व्हतं की ती फुली न्हाई. आमच्या लिहिण्याच्या वर्गाच्या बाईंकडं मी खरा क्रूस बघितल्ता. तेच्याविषयी परत कधी.

सोयाबीन चांगली हाय, मकंला लष्करी अळी. दिवाळीला ये. चार वर्षं झाली तुला बघून. तुझी माय मीना म्हणती आकांक्षाला वेळ नसतो. तू तिचं ऐकू नको. वरच्या खोलीत लसूण वाळू घातल्ता, तो आताच काढला तुझ्यासाठी.

तुझी आज्जी,
नंदाबाई (असती हो, या घरात असती)


पुणे
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय आज्जी,

"फुली दिसली की भूत नापास" मी वर्गात वाचून दाखवलं. सर डोळे पुसत हसले आणि म्हणाले, माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात हे वाक्य नाही. तू आमच्या वर्गात फेमस झालीस.

आता सर्जेरावांनी जे गाळलं ते तुला सांगते. हे पिक्चर बनवणारे बायबल ऐकत मोठे झालेले लोक. त्यांनी भूत आणलं ते त्यातूनच, फक्त उलटं करून. ख्रिस्ती उपासनेत एक पेला असतो. त्यात द्राक्षाचा रस. तो प्रभूचं रक्त म्हणून सगळे थोडाथोडा घेतात आणि त्यात कायमचं जीवन आहे असं मानतात. पिशाच काय करतं? दुसऱ्याचं रक्त पितं आणि मरत नाही. प्रभू कबरीतून उठतो तो माणसांना वाचवायला, हा पेटीतून उठतो तो माणसांना संपवायला. तिकडे प्रभू मेंढपाळ होऊन कळप राखतो, इथे हा लांडगे पाळतो. म्हणून क्रूस पाहिला की तो भाजतो. ज्याची चोरी केली त्याचीच खूण समोर येते ना! म्हणजे ते भूत बाहेरून आलेलं नाही. देवघरातल्याच गोष्टी, आरशात उलट्या दिसाव्यात तशा.

पण आज्जी, तुझ्या पत्रातली खरी गोष्ट तू शेवटी टाकलीस. वर्गाच्या बाई ख्रिस्ती होत्या? त्यांचं नाव काय? त्यांनी तो पिक्चर पाहिला का? पाहून काय म्हणाल्या? आता कुठे असतात? सगळं सविस्तर लिही, अगदी फाटे फोडत लिही. मला तुझे फाटेच आवडतात.

दिवाळीला नक्की येते. प्रॉमिस.

तुझी,
आकांक्षा


धोंडवाडी
२ सप्टेंबर २०२४

आकांक्षे बाय,

तू येणार म्हणून मी कालच राजनंदिनीला अनारशाचे तांदूळ सांगितले. ती म्हणली, "आत्या, अजून पोळा व्हायचाय." होऊ दे की. तांदूळ काय पळून जातेत?

तुझं पत्र चारदा वाचलं. पेल्याचं लिहिलंय तिथं दरवेळी थांबले.

बाईंचं नाव एस्तेर. जालन्याच्या. सरकारनं मोठ्या माणसांना शिकवायचे वर्ग काढले, तेव्हा आमच्या गावाला ह्या आल्या. सव्वीस वर्षांची पोरगी, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. शाळेच्या पडवीत दुपारच्याला बायांचा वर्ग. गावाला एस्तेर म्हणता येईना, गावानं इस्तरीबाई केलं. ती चिडायची न्हाई. म्हणायची, "बरं झालं, तुमच्या सुरकुत्या मीच काढते." माझ्या नावात अनुस्वार हाय हे तिनं मला शिकवलं. म्हणली, "नंदा, हा ठिपका विसरलीस तर तू नदा होशील." मी वर्गात पहिली यायचे. हसू नको. आम्ही सातच जणी व्हतो, पण पहिली ती पहिली.

शाळंच्या मागं तिची एक खोली. तिथं भिंतीवर क्रूस व्हता, लाकडाचा, उभा दांडा लांब, आडवा आखूड. मी चोरून जायचे. चोरून यासाठी, की त्यांच्या घरचं पाणी आपल्यात चालत न्हाई असं तेव्हा म्हणायचे. आताबी म्हणतेत, फक्त हळू म्हणतेत. महिन्यातून एकदा जालन्याहून एसटीनं त्यांचे पाळक यायचे, म्हंजी पाद्री, अन् ते तुझ्या पेल्याचं करायचे. आपल्याकडं द्राक्षं कुठली? मंग काळ्या मनुका भिजवून कुस्करायच्या अन् गाळायच्या. एकदा बाईला बरं नव्हतं, तं मीच भिजवल्या, काचंच्या बरणीत. उरलेलं बोटानं चाटून बघितलं. गोड व्हतं. मी दाराआड उभी व्हते, पाळकांनी पेला पुढं केला अन् रक्त असं कायतरी म्हणले, बाई प्यायल्या. मला गंमत वाटली, मनुकाला रक्त म्हणतेत.

पुढं त्यो तंबूतला पिक्चर बघून आलो. बाई आल्या नव्हत्या, त्या सुट्टीला जालन्याला गेल्त्या. दुसऱ्या दिवशी हिरीवर सगळ्या बाया त्या पाटलाचंच बोलून राह्यल्या. मी घागर भरता भरता म्हणले, "त्यात काय नवल? आमच्या इस्तरीबाईबी पितेत! लाल, पेल्यातून. पाद्री म्हणतो रक्त हाय."

काय हसल्या सगळ्या! पुष्पीनं तं घागर सोडली. आकांक्षे, नव्या सुनंचं कोण ऐकतं? तिला बोलायचं कामच नसतं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या बोलण्याला बाया हसल्या. मला लई भारी वाटलं. घरी येईपर्यंत आणखी दोघींना सांगितलं.

मंग तेच्यावर गावात थोडा बोभाटा झाला. गावच ते. पुढं बाईची बदली झाली. एवढंच.

मकंची अळी गेली. पुष्पाबाईचे गुडघे धरलेत, चकल्या कोण करणार हा सवाल हाय, पण करू.

तुझी आज्जी,
नंदाबाई


पुणे
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय, प्रिय आज्जी,

मी जालन्याला जाऊन आले. तिथल्या एका चर्चमध्ये विचारलं आणि तिसऱ्या माणसाने घर दाखवलं. एस्तेरबाई भेटल्या! एकाहत्तर वर्षांच्या आहेत, मुलगा-सुनेजवळ राहतात, कडक नीळ घातलेली पांढरी साडी. मी तुझं नाव घेतलं आणि त्यांनी माझा हात धरला तो जेवेपर्यंत सोडला नाही.

आज्जी, तू मला "बदली झाली" एवढंच लिहिलंस. बदली नव्हती ना झाली? पुष्पाआज्जीचं पाच महिन्यांचं बाळ पांढरंफटक पडून गेलं आणि लोक म्हणाले बाईनं रक्त प्यायलं. त्यांचं विहिरीवरचं पाणी तोडलं. दहा दिवसांत त्यांना जावं लागलं. दारावर कोणीतरी गेरूनं फुली मारली होती. बिचाऱ्यांना वाटलं, हिवतापवाले फवारणीची खूण करून गेले.

आणि मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी उजाडताना दार उघडलं, तर कडीला क्रूस टांगलेला." बाभळीच्या दोन काड्या, सुतळीने बांधलेल्या. उभी लांब, आडवी आखूड. "असा बांधायचा हे त्या गावात एकाच बाईला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "नंदा सासुरवाशीण. तिला उघड बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं तेवढी खूण ठेवली. अख्ख्या गावात एक माणूस माझ्या बाजूनं आहे हे मला कळलं. त्यावर मी ते दिवस काढले."

तो क्रूस त्यांच्या पलंगाच्या वर आहे, आज्जी. पंचेचाळीस वर्षं. रोज सकाळी त्यापुढे उभ्या राहून त्या प्रार्थना करतात आणि त्यात तुझं नाव घेतात. रोज!

हे तू लपवलंस! आपलं चांगलं लपवणारी माणसं मी फक्त ऐकली होती. मी आता नुसता निबंध लिहीत नाहीये, वीस मिनिटांची फिल्म करतेय. पिक्चरमध्ये क्रूस भुताला पळवायला वापरतात, आणि माझ्या आज्जीने तो माणसाला धीर द्यायला वापरला. शेवटचा शॉट तोच. शूटिंग पुढच्या आठवड्यात संपतंय. सर म्हणाले, याहून चांगला शेवट कोणी लिहू शकलं नसतं.

त्यांचा पत्ता खाली देते. लिही त्यांना. त्यांना फार आनंद होईल.

तुझी अभिमानाने फुगलेली,
आकांक्षा


धोंडवाडी
१५ ऑक्टोबर २०२४

आकांक्षे,

हे एकटीनं वाच. वर्गात वाचू नको.

पुष्पीचं लेकरू आधी पिवळं पडलं, मंग पांढरं. एस्तेरबाईनं वर्गात बघितलं अन् म्हणल्या, आजच्या आज जालन्याच्या दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. झुंबरबाई म्हणली, आधी अंगारा लावू. तीन दिवस अंगारा लावला. चौथ्या दिवशी लेकरू गेलं.

झुंबरबाईला आपल्याकडं बोट नको व्हतं. मंग तिला माझी हिरीवरची गंमत आठवली. चार माणसं बसली व्हती ओसरीत. तिनं मला आतून बोलावलं. "नंदे, तू बघितलं ना तिला लाल पिताना?"

मी "मनुका व्हत्या" म्हणायला पायजे व्हतं. पण मंग "तुला कसं म्हाईत" आलं असतं. तिच्या भांड्यात हात घातला, तिच्या घरचं चाटलं, हे आलं असतं. मला माहेरी घातलं असतं. तुझी माय पोटात व्हती. मी म्हणले, "व्हय. पिताना बघितलं." खोटं न्हाई बोलले. बघितलंच व्हतं.

मंग सर्जेरावनं सांगितलेली फुली गावानं तिच्या दारावर गेरूनं मारली. सकाळी बाई बाहेर आली, फुली बघितली, पदर खोचून अंगण झाडून राह्यली. सगळे म्हणले, हिला कायबी होत न्हाई. अन् मी म्हणले, "तशी न्हाई. फुली तिरपी नसती. उभी लांब, आडवी आखूड."

मला कोणी विचारलं नव्हतं, आकांक्षे. हे नीट वाच. मला कोणी विचारलं नव्हतं. मला येतं हे दाखवायचं व्हतं. ज्या बाईनं शिकवलं तिच्याविरुद्ध मी पहिली आले.

झुंबरबाई म्हणली, "मंग तूच बांध." मी बांधला. मीच टांगला. अन् आम्ही सगळे बोरीच्या आड उभे राह्यलो, उजाडायची वाट बघत. कशाला म्हाईत हाय? तिच्या कपाळातून धूर निघतो का ते बघायला.

बाईनं दार उघडलं. क्रूस बघितला. कडीवरून काढला अन् कपाळाला लावला. आम्ही श्वास धरला. धूर न्हाई निघाला. ती हसली गं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कोणाला हसावं ते शोधून राह्यली. मंग छातीशी धरून आत घेऊन गेली.

पुष्पी म्हणली, "मंग ती भूत न्हाई की काय?" झुंबरबाई म्हणली, "ही त्या पिक्चरमधल्यापेक्षा जबर हाय. फुलीलाबी भीत न्हाई." त्याच दिवशी पाणी तोडलं. ती गेली तेव्हा मी घरात व्हते, दाणे निवडत. एसटीचा हॉर्न ऐकला. तेव्हा कान चांगले व्हते.

एवढी वर्षं मला वाटायचं, बाईला समजलं असंल. ती मला शिव्या देत असंल, या विचारानं मी निवांत व्हते. रोज माझं नाव घेती हे मला म्हाईत नव्हतं.

तुझ्या पिक्चरचा शेवट हा न्हाई. बदल तो. मी क्यामेऱ्यापुढं बोलते, पायजे तं. अन् दिवाळीला ये. हे वाचून येणार न्हाईस असं वाटतंय, तरी ये. मला रागाव, पण इथं बसून रागाव.

आज्जी


पुणे
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आज्जी,

उत्तराला उशीर झाला. सॉरी. दिवाळीलाही जमलं नाही. एडिटिंगचं काम अंगावर होतं.

तुझं पत्र पोचलं तेव्हा शूटिंग संपलं होतं. मी खूप विचार केला. सरांना नाव न घेता विचारलंसुद्धा. ते म्हणाले, इतक्या वर्षांनंतरच्या आठवणीत माणूस स्वतःला जास्त दोषी धरतो, आणि प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं. मलाही तसंच वाटतं. तू तेवीस वर्षांची होतीस, दिवस गेलेले, सासूचा धाक. तो क्रूस बांधताना तुझ्या मनात खोल कुठेतरी त्यांच्याबद्दल माया असेलच ना?

फिल्म झाली. कॉलेजमध्ये दाखवली. एस्तेरआज्जींना गाडी करून आणलं होतं. पहिल्या रांगेत बसल्या. शेवटी क्रूस पडद्यावर आला तेव्हा लोक उभे राहिले, आणि त्या रडल्या, आनंदाने. आता फिल्म आणखी दोन ठिकाणी जाणार आहे. माझ्या पुढच्या ॲडमिशनला याचा उपयोग होईल.

आज्जी, आता सांगून कोणाचं भलं होणार आहे? त्यांच्याकडे तेवढं एकच आहे. ते काढून घेऊ नकोस. मी पत्ता दिला होता तो विसर. प्लीज.

संक्रांतीला बघते, जमलं तर.

आकांक्षा


धोंडवाडी
९ डिसेंबर २०२४

एस्तेरबाई,

मी धोंडवाडीची नंदा. तुमच्या वर्गातली.

तुमच्या पलंगावर जो क्रूस हाय त्यो मीच बांधला. ते तुम्ही बराबर ओळखलं. पण त्यो तुमच्यासाठी नव्हता. तुमच्यावर व्हता. आम्ही राजूरला तंबूत पिक्चर बघितल्ता, त्यात क्रूस दाखवला की भूत जळतं. गाव तुम्हाला तसलं समजलं, ते माझ्या बोलण्यानं समजलं. मी गंमतीत म्हणले व्हते की तुम्ही लाल पिता. पुढं लेकरू गेलं, मला चारचौघांत विचारलं, अन् मी मनुकाचं नाव काढलं न्हाई. मंग फुलीनं काम होईना, तं मीच सांगितलं क्रूस कसा असतो ते. तुम्ही कपाळाला लावला तेव्हा मी बोरीच्या आड व्हते. सगळं गाव व्हतं. तुम्ही हसून बघत व्हता, ते आमच्याकडंच.

माझी नात म्हणती, सांगू नको. तिचा पिक्चर झालाय, लोकं टाळ्या वाजवतेत. ती पोरगी गुणाची हाय. पण आमच्या जत्रंत सर्जेराव नावाचा माणूस पडद्याजवळ भोंगा घेऊन उभा राह्यचा अन् पडद्यावर काय बी असो, आपलंच सांगायचा. तशी ती उभी हाय असं मला वाटलं. पहिला भोंगा माझा व्हता, तिला काय बोलू?

परवा पुष्पीला सांगितलं. ती शेंगा फोडून राह्यली व्हती. मी म्हणले, मनुका व्हत्या गं, मी भिजवल्या व्हत्या. तिनं आणखी दोन शेंगा फोडल्या. मंग म्हणली, "तं माझं लेकरू कशानं गेलं?" इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं. मी म्हणले, बाईनं दवाखान्यात न्या म्हणलं व्हतं. ती शेंगांचं सूप तिथंच टाकून उठली. शेजारी राहती, पण तेव्हापासून माझ्याकडं आली न्हाई.

माफी मागायला लिहीत न्हाई. माफी मागितली की ती देण्याचं काम तुमच्यावर पडतं. तुम्ही सकाळी माझं नाव घेता हे कळल्यापासून मला सकाळ नको वाटती, म्हणून लिहिलं. म्हंजी हेबी माझ्यासाठीच लिहिलं, बघा.

नंदा


जालना
२० डिसेंबर २०२४

नंदाबाई,

पत्र मिळाले. सून वाचून दाखवते म्हणाली, मी नको म्हटले. चष्मा लावून स्वतः वाचले, दोनदा.

दारावरच्या फुलीबद्दल मी इतकी वर्षे हिवतापवाल्यांना बोल लावत होते. आमच्या संडे स्कूलमध्ये मी चाळीस वर्षे मुलांना एक गोष्ट सांगितली, की सगळे गाव विरुद्ध गेले तेव्हा तिथे एक नंदा होती. ती मुले आता मोठी झाली, कुठे कुठे गेली. त्यांना शोधून काय सांगू?

त्या सकाळी मी बोरीकडे बघून हसले होते. तिकडून कोणीतरी खोकले. मला वाटले, तूच आहेस, लाजून लपली आहेस.

आकांक्षाला मी काही कळवणार नाही. ती नाताळला येणार आहे, फिल्मला मिळालेले काहीतरी दाखवायला. ते मी बघेन. तिच्यासमोर तुझा विषय काढणार नाही.

घरात नाताळची रंगरंगोटी चालू आहे, म्हणून क्रूस उतरवून टेबलावर ठेवला आहे. परत लावायचा का, असे रंगारी सकाळपासून दोनदा विचारून गेला. मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

रोज सकाळी तुझे नाव घ्यायची सवय आहे. आज घेतले नाही. उद्याचे उद्या बघू.

एस्तेर